सेन्सर बदलला, तरी दिवा लागतोच

प्रश्न : आमच्या पोकलेनचा नॉक्स सेन्सर बदलला, तरी चार दिवसांत दिवा पुन्हा लागला. नवा सेन्सरही खराब निघाला का?
– एक मशीनमालक, थळ

उत्तर : बहुधा नाही, घाबरू नका. कोड सेन्सरचं नाव सांगतो, पण दोष वायरिंगमध्येही असू शकतो. थळच्या खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. त्या पॉलिश पेपरने घासू नका, मुलामा जातो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. सेन्सरचा पुरवठा आणि अर्थिंग प्लग जोडलेला ठेवूनच मोजा, कारण सेन्सरमधल्या हीटरचा भार आला की कमजोर तार लक्षात येते. मग मेन स्विच बंद करून सेन्सरचे संदेश नेणाऱ्या कॅनच्या दोन तारांमधला रोध पाहा : ६० ओहमच्या आसपास हवा. १२० आला, तर तार तुटलेली किंवा एका टोकाचा रोधक गेलेला.