पाऊलवाटेचा नकाशा

नकाशा म्हटला की भूगोलाच्या तासाला भिंतीवर टांगलेला कागद आठवतो. अंबड तालुक्यातील रोहिलागडाच्या डोंगरात हिंडताना मात्र मी मोबाईलवरील ऑर्गॅनिक मॅप्स वापरतो. त्याचा आधार २००४ साली सुरू झालेला, कोणालाही भर घालता येणारा ओपनस्ट्रीटमॅप.

पहिले काम, नकाशा घरीच उतरवून घेणे. आपले स्थान उपग्रहांच्या संदेशांवरून कळते. चार उपग्रह गवसले की पुरे, रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशा आणायला. तो नसेल तर कोऱ्या पडद्यावर नुसता ठिपका! मग समोच्च रेषा पाहाव्यात. त्या दाटल्या की चढ उभा. नुसते अंतर मोजून वेळ ठरवणारा इथेच फसतो.

पांदण, गुरांची वाट नकाशात असेलच असे नाही, आणि ओढ्याला पाणी किती हे तर नसतेच. ते गुराख्यालाच विचारावे. निघतानाच आपली वाट नोंदवणे सुरू करावे. बहुतेकजण हे विसरतात. अंधार पडलाच तर त्याच रेषेवरून उलट उतरता येते. तेवढी बॅटरी मात्र उरायला हवी. म्हणून मी वाटेत गाणी लावू देत नाही; मित्र कुरकुरतात, कुरकुरू देत.