ओरलमधला ॲक्सल आणि मामांचा ॲव्हरेज

थर्ड इयरच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी एकच प्रश्न विचारला आणि माझी विकेट काढली. "नव्या गाडीतसुद्धा पुढे-मागे रिजिड ॲक्सल का बसवतात?" मी छातीठोकपणे सांगितलं, "सर, स्वस्त पडतो म्हणून." एक्स्टर्नल हसले. शेजारी बसलेले आमचे सर मात्र हसले नाहीत. मार्क किती पडले ते विचारू नका.

प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण दिवाळीच्या सुट्टीत मामांनी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत समोर टाकला. मामांचं गाव भोरजवळ. कापूरहोळपर्यंत साधा डांबरी रस्ता, तिथून पुण्यापर्यंत हायवे. घराकडचे शेवटचे तीन किलोमीटर मात्र नुसते दगड, आणि पावसाळ्यात चिखल. आठवड्याला तीन-चार खेपा ठरलेल्या. २०२३ च्या जूनमध्ये भारतात आलेली पाच दारांची जिम्नी त्यांच्या मनात भरली होती, फक्त बुकिंग बाकी होतं. "भाच्या, तुझ्या फीमध्ये माझेही पैसे आहेत. आता सांग, कागदावर १६.९४ लिहिलंय, मला किती पडणार? आणि खालच्या त्या आडव्या दांड्याचा उपयोग काय? हप्ता माझ्या खिशातून जाणार आहे." इथं 'स्वस्त पडतो' म्हणून भागणार नव्हतं.

शोरूममध्ये मामा सीटवर बसून बघत होते, मी पँट मळवून गाडीखाली. रिजिड ॲक्सल म्हणजे दोन्ही चाकं एकाच जाड नळीच्या दोन टोकांना. एक चाक दगडावर चढलं की नळी तिरकी होते आणि पलीकडचं चाक खाली दाबलं जातं, म्हणजे जमीन सोडत नाही. चाक जमिनीला टेकलेलं असेल तरच ओढणार ना! दुसरी गोष्ट मी वाचताना कधी लक्षात घेतली नव्हती, वाकून बघितल्यावर कळली. डिफरन्शियलचा गोळा ॲक्सलवरच असतो. गाडीत पाच पोती टाका, स्प्रिंग दबेल, पण गोळा आणि जमीन यांतलं अंतर तेवढंच राहील, कारण ते टायरवर ठरतं. इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल वर चासीला बांधलेला असतो. स्प्रिंग दबली की तोही खाली येतो आणि नेमका दगड तेव्हाच आडवा येतो.

याची किंमत मोजावी लागते, पैशांत नाही. नळी, डिफरन्शियल, चाकं हे सगळं वजन स्प्रिंगच्या खाली, म्हणजे अनस्प्रंग मास जास्त. डाव्या चाकाचा खड्डा उजव्यालाही कळतो आणि स्टिअरिंगलाही. म्हणून नाशिकच्या थारने २०२० मध्ये पुढे डबल विशबोन घेतलं आणि रिजिड ॲक्सल फक्त मागे ठेवला. जिम्नीने दोन्हीकडे ठेवलाय. माझ्या मते दगडांसाठी जिम्नीचा हिशेब सरळ आहे, हायवेला थारचा.

जाता जाता टीओएमवाल्यांसाठी. ॲक्सल बाजूला सरकू नये म्हणून जिम्नीत एक लॅटरल रॉड असतो. एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. रॉड एका टोकाभोवती फिरतो म्हणजे दुसरं टोक कमानीत जाणार, म्हणजे ॲक्सल वर-खाली होताना किंचित बाजूलाही सरकणार. २०२४ च्या थार रॉक्समध्ये मागे यासाठी वॉट्स लिंकेज आहे. हो, तीच जेम्स वॉटची १७८४ ची जोडणी, जी आपण ड्रॉइंग शीटवर काढून खोडून पुन्हा काढतो. मला वाटायचं ती फक्त सबमिशनसाठी शोधली गेली.

आता ॲव्हरेज. कागदावरचा आकडा खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचा नसतो. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय आहे. असल्या संस्थांमध्ये गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या सायकलप्रमाणे चालवतात. आपल्याकडची सायकल ११८० सेकंदांची, अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास, कमाल वेग ताशी ९०, एसी बंद. मामा एसी बंद ठेवतील, पण ९० वर थांबतील का?

मग वहीत आकडेमोड केली. गाडी ११९५ किलो, दोन माणसं धरून १३४५. रोलिंग रेझिस्टन्स ०.०१५ धरला तर सुमारे १९८ न्यूटन. वेग कितीही असो, जवळपास तेवढाच. हवेसाठी रुंदी-उंचीवरून समोरचं क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर, आणि खोक्यासारख्या आकाराला ड्रॅग कोइफिशंट अंदाजे ०.४५. ताशी ८० ला हवेचा विरोध ३२० न्यूटन, १०० ला ५०० न्यूटन. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल. त्यातला पाव भाग चाकांपर्यंत पोचतो असं धरलं तर ८० ला लिटरमागे १५.४ किलोमीटर, १०० ला ११.५. वेग बदलला की इंजिनची कार्यक्षमताही बदलते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडेल, पण दिशा हीच. महिन्याला हजार किलोमीटर हायवे धरला तर २२ लिटरचा फरक, फक्त ॲक्सलरेटरवरच्या पायामुळे. शंभर किलो जादा वजन भरलं तर विरोध जेमतेम १५ न्यूटन वाढतो. मामांना हे पटेना. "वजनानं ॲव्हरेज कमी होतो हे सगळ्यांना माहितीय!" घाटात आणि सिग्नलवर होतो, मामा. सपाट हायवेवर तुम्ही हवेशी भांडताय.

फोर व्हील ड्राइव्हबद्दल एवढंच सांगितलं: डांबरावर कायम टू-एच. या गाडीत मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर फोर-एच टाकून वळलात की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना ओढतात. पेट्रोल आणि टायर दोन्ही जातात. चिखलात एखादं चाक नुसतंच फिरायला लागलं तर गाडी आपणहून त्या चाकाला ब्रेक लावते आणि जोर पलीकडच्या चाकाला मिळतो. तेव्हा घाबरून पाय काढायचा नाही.

मामांनी वही उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "ऐंशीनं चालवतो. पंधरा नाही पडला तर उरलेलं पेट्रोल तू भरायचं." गाडी आली. मोजायची पद्धत ठरली: एकच पंप, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, पुन्हा फुल करताना किती लिटर बसलं ते वहीत. पहिली टाकी १४.६ निघाली. मी घराकडच्या तीन किलोमीटरवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जळणारं पेट्रोल धरलंच नव्हतं. मामांना फोनवर तसं सांगितलं, तर म्हणाले, "मग ते धरून पुन्हा काढ." दुसरी टाकी अजून अर्धी आहे.