परमिट विकत मिळत नसतं

मिरज,
दि. १४ जून

चि. चिऊस,


काल फोनवर तू म्हणालीस, "मावशी, साडेतीन लाखांत जर्मनीचं वर्क परमिट करून देतात, आता मूळ सर्टिफिकिटं जमा करायचीत." मागून तुझ्या आईचा आवाज आला, पाटल्या मोडायच्या म्हणून. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पैसे देण्याआधी हे पत्र दोनदा वाच.

पहिली गोष्ट: तुझ्यासारख्या भारतीय नर्ससाठी जर्मनीत वर्क परमिट असा वेगळा कागदच नसतो. काम करायची परवानगी निवासाच्या परवान्यातच नोंदलेली असते. रुग्णालयाने नोकरीचा करार दिला की तिथली सरकारी रोजगार संस्था पगार आणि अटी जर्मन कर्मचाऱ्यांच्या तोडीच्या आहेत ना, हे पाहून संमती देते. मग इथल्या जर्मन दूतावासातून व्हिसा. त्याची फी ७५ युरो. तिथे पोचल्यावर दोन आठवड्यांत राहत्या पत्त्याची नोंद करायची आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून निवासाचं कार्ड घ्यायचं. एजंट फार तर नोकरी गाठून देईल, फॉर्म भरायला मदत करेल. परवानगी देणं त्याच्या हातात नाही, मग तो ती विकतो कशी?

आपल्याकडे परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. नोंदणी आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेटवर दिसतं, ते आधी पाहा. जर्मनीत परदेशी नर्सच्या न्याय्य भरतीसाठी सरकारी मानचिन्हही आहे. ते घेणाऱ्यांना भरतीचा खर्च नर्सच्या माथी मारता येत नाही. अशी रुग्णालयं शोध. पाटल्या राहू देत.

दुसरी गोष्ट तुझ्या डिप्लोम्याची. तिथे नर्स म्हणवून घ्यायला शिक्षणाला मान्यता लागते, तिला आनएर्केनुंग म्हणतात. प्रत्येक राज्याचं कार्यालय वेगळं. ते तुझा अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतं: कोणत्या विषयाचे किती तास, कोणत्या वॉर्डात किती दिवस. म्हणून कॉलेजकडून तासांसकट ट्रान्सक्रिप्ट घे, नुसती गुणपत्रिका पुरत नाही. आपल्या मुलींना बहुतेक वेळा काही कमतरता दाखवून देतात. ती भरायला परीक्षा द्यायची, नाहीतर तिथल्या रुग्णालयात पूरक प्रशिक्षण घ्यायचं. तोवर काम सहायकाचं, पगारही सहायकाचा. करारात दोन्ही पगार लिहिलेले हवेत: मान्यतेआधीचा आणि नंतरचा.

आता नावाचं. तुझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझं, मग वडिलांचं. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत तुझं नाव आधी. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एका अक्षराने निराळं. आपल्याला ही एकच मुलगी दिसते, परक्या कारकुनाला तीन दिसतात. सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांड, बोट ठेवून एकेक अक्षर जुळव आणि चूक इथेच दुरुस्त करून घे.

तिसरी गोष्ट मी आजवर घरात कुणाला सांगितली नाही. १९९४ साली मी आखातात गेले तेव्हा विमानतळावर उतरल्या उतरल्या एक कागद पुढे आला, सगळा अरबीत. मागे रांग होती, मी सही केली. महिन्याअखेरीला कळलं, त्यात लिहिलेला पगार मुंबईत सांगितलेल्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी होता. पासपोर्ट मालकांच्या कपाटात. दोन वर्षं मी तुम्हाला "मजेत आहे" अशी पत्रं लिहिली. चूक त्यांची होतीच, पण वाचता येत नसलेल्या कागदावर सही माझी होती.

म्हणून सांगते, भाषा आधी. मान्यतेसाठी साधारण बी-टू पातळीचं जर्मन लागतं आणि ए-वनपासून तिथवर यायला नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष सहज जातं. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, तिथे चौकशी कर. परीक्षेपुरतं शिकू नकोस. दुखणं ठणकतंय की जळजळतंय, हे म्हातारा पेशंट त्याच्या बोलीत सांगेल, ते तुला कळायला हवं. आणि करारातलं बारीक अक्षर तुझं तुला वाचता यायला हवं. मुदतीआधी नोकरी सोडली तर शिकवणीचा आणि विमानाचा खर्च परत मागणारी अट त्यातच दडलेली असते. रक्कम किती, मुदत किती, हे विचारायला लाजू नकोस.

कामाचंही मन तयार ठेव. इथे पेशंटला अंघोळ घालायला, भरवायला नातेवाईक असतात, वॉर्डातल्या मावशी असतात. तिथे ते नर्सचंच काम आहे आणि त्यात कमीपणा नाही. पण हे कुणी आधी न सांगितल्याने पहिल्या महिन्यात रडत फोन करणाऱ्या माझ्या नर्सिंगच्या विद्यार्थिनी मी पाहिल्यात.

तू जावंस असंच मला वाटतं. तुझा हात हलका आहे, पेशंटची तुला कीव नाही तर काळजी असते. अशा मुलीला तिथे मान मिळेल. पण जायचं ते स्वतःच्या कागदांवर, स्वतःला वाचता येणाऱ्या करारावर.

त्या ऑफिसात जाऊ नकोस. मूळ सर्टिफिकिटं कुणाच्याही हवाली करू नकोस, दाखवायची तर झेरॉक्स दाखव. रविवारी सगळी फाईल घेऊन मिरजेला ये, आपण दोघी बसून एकेक कागद वाचू.

तुझी,
मावशी