‘आमच्या बाई असं शिकवत नाहीत’

प्रश्न : प्रसूती रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी मी आठवीला गणित शिकवते. मुले सतत बाईंशी तुलना करतात. काय करावे?

उत्तर : करू द्या. बाई कसे शिकवतात, ते मुलांकडूनच फळ्यावर करून घ्या. दोन-तीन वह्या चाळा. बैजिक राशींचे अवयव कुठवर आलेत, पायऱ्या कशा लिहून घेतल्यात, हे टाचणवहीपेक्षा तिथे खरे कळते. रीत शक्यतो तीच ठेवा. बाकांचा नकाशा काढून नावे लिहा. नावाने हाक मारली की मागचा गोंगाट बराच ओसरतो. (मॉनिटरवर विसंबू नका, तो स्वतःच्या मित्रांची नावे फळ्यावर लिहीत नाही.) मुदत संपताना कोणते सरावसंच झाले, कोण कुठे अडते, हे बाईंसाठी एका पानावर जरूर लिहून ठेवा.