परराष्ट्र धोरणावरील विधाने आणि त्यांची पारख

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे आलेला ग्राहक तागा उलगडून घेतो, कापडाचा पोत बोटांनी चाचपतो, मोजणाऱ्याच्या मीटरपट्टीवर लक्ष ठेवतो आणि मगच पैसे देतो. निवडणुकीच्या वेळी हाच ग्राहक मतदार असतो. रस्ता, पाणी, धान्याचा भाव यांविषयी उमेदवार जे सांगतो तेही त्याला बरेचसे असेच पारखून घेता येते. कारण रस्ता त्याच्या रोजच्या वाटेवरचा असतो आणि धान्याचा भाव त्याला घरबसल्या कळतो. परंतु दूरच्या सीमेवर काय घडले, परकीय सत्तेशी कोणते बोलणे झाले, शेजारी राष्ट्राजवळ किती शस्त्रे आहेत, यांविषयीची विधाने ऐकताना त्याच्या हाताशी काहीच नसते. पुरावा एक तर परक्या भूमीवर असतो, नाही तर शासनाच्या कुलूपबंद दप्तरात. असे असूनही त्याच विधानांवर विसंबून त्याला मत द्यावे लागते, आणि प्रसंगी त्याच्या मुलाला सीमेवर जावे लागते. म्हणूनच या विधानांच्या सत्यासत्यतेचा प्रश्न केवळ अभ्यासकांचा राहत नाही.

अमेरिकेतील वादविवादांची पद्धत

अशी विधाने उघडपणे, दोन्ही पक्षांच्या तोंडून आणि एकाच व्यासपीठावर ऐकण्याची सोय अमेरिकेत आहे. अध्यक्षपदाच्या दोन प्रमुख उमेदवारांचा दूरचित्रवाणीवरील पहिला वादविवाद २६ सप्टेंबर १९६० रोजी झाला. त्या वर्षी जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन असे चार वेळा समोरासमोर आले. पुढच्या तीन निवडणुकांत असे वादविवाद झाले नाहीत. १९७६ पासून ही प्रथा पुन्हा सुरू झाली.

या वादविवादांत एक मूलभूत विषमता असते. बहुधा एक उमेदवार सत्तेवर असतो किंवा सत्तेच्या निकट असतो आणि त्याला गुप्त माहिती उपलब्ध असते. दुसऱ्याला ती पूर्णपणे उपलब्ध नसते. त्यामुळे पहिला जे जाणतो ते बोलू शकत नाही आणि दुसरा जे बोलतो ते जाणून बोलतोच असे नाही. १९६० च्या निवडणुकीत या दोन्ही गोष्टींची उदाहरणे एकदमच पाहावयास मिळाली.

सोव्हिएत रशिया दूर पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांत अमेरिकेच्या पुढे गेला आहे, उभय राष्ट्रांत ‘क्षेपणास्त्रांची दरी’ निर्माण झाली आहे, असे केनेडी प्रचारात सांगत होते. हे सर्वस्वी त्यांच्या कल्पनेतून निघालेले नव्हते. सरकारी वर्तुळातील काही अंदाजही तसेच होते. परंतु केनेडी अध्यक्ष झाल्यावर फेब्रुवारी १९६१ मध्ये त्यांच्याच संरक्षणमंत्र्यांनी, रॉबर्ट मॅकनामारा यांनी, अशी दरी नसल्याचे पत्रकारांजवळ बोलून दाखविले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील गुप्तवार्ता-अंदाजानुसार रशियाजवळ अशा क्षेपणास्त्रांचे अवघे १० ते २५ प्रक्षेपक होते. आघाडी होती ती अमेरिकेचीच. विधान खोटे ठरले, परंतु ते खोटे ठरण्यापूर्वीच मतदान होऊन गेले होते.

क्यूबाविषयीचा वाद

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. फिडेल कास्ट्रो यांच्या विरोधात लढणाऱ्या निर्वासित क्यूबन नागरिकांना बळ द्यावे, असे निवेदन केनेडी यांच्या प्रचारयंत्रणेने चौथ्या वादविवादाच्या आदल्या दिवशी प्रसिद्ध केले. २१ ऑक्टोबर १९६० रोजी झालेल्या त्या वादविवादात निक्सन यांनी या सूचनेवर कडाडून हल्ला चढविला. ही सूचना बेजबाबदार आहे, तिच्यामुळे लॅटिन अमेरिकेतील राष्ट्रांशी केलेल्या करारांचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा भंग होईल, असे त्यांचे म्हणणे होते. ऐकणाऱ्यास असे वाटले असावे की, एक उमेदवार साहसाचा पुरस्कर्ता आहे आणि दुसरा संयमाचा.

वस्तुस्थिती निराळी होती. निर्वासितांना गुप्तपणे प्रशिक्षण देण्याच्या योजनेस अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १७ मार्च १९६० रोजीच संमती दिली होती, आणि त्या वेळी उपाध्यक्ष असलेले निक्सन हे त्या योजनेचे जाणते समर्थक होते. गुप्तता राखण्यासाठी आपणास स्वतःच्या मताविरुद्ध बोलावे लागले, अशी कबुली त्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिक्स क्रायसेस’ या आत्मवृत्तात दिली. दरम्यान, एप्रिल १९६१ मध्ये सुमारे १,४०० निर्वासितांची फौज क्यूबाच्या ‘बे ऑफ पिग्ज’ किनाऱ्यावर उतरली आणि तीन दिवसांत तिचा पराभव झाला. अकराशेहून अधिक लोक कैद झाले.

येथे विचारात घेण्यासारखी गोष्ट ही की, निक्सन यांनी मांडलेला कायद्याचा मुद्दा स्वतंत्रपणे पाहिल्यास दुबळा नव्हता. विधानातील आशय सयुक्तिक होता. मात्र विधान करणाऱ्याचा त्यावर विश्वास नव्हता आणि त्याचे शासन नेमके त्याच्या उलट करीत होते. अशा विधानाची असत्यता शब्दांत शोधून सापडत नाही. ती शब्द आणि कृती यांच्यामधील अंतरात असते, आणि कृती गुप्त असेतोवर ते अंतर दिसत नाही.

फोर्ड यांचे विधान

६ ऑक्टोबर १९७६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांच्यात परराष्ट्र धोरणावर वादविवाद झाला. पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही, असे फोर्ड त्या वेळी म्हणाले. प्रश्नकर्ते पत्रकार मॅक्स फ्रँकेल यांनी आश्चर्याने पुन्हा विचारून खुलाशाची संधी दिली, तेव्हाही त्यांनी युगोस्लाव्हिया, रुमानिया आणि पोलंड यांची नावे घेऊन आपलेच म्हणणे पुढे रेटले. पोलंडमध्ये सोव्हिएत सैन्य ठाण मांडून आहे, हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते. अमेरिका हे वर्चस्व मान्य करीत नाही, एवढेच फोर्ड यांना म्हणावयाचे होते. परंतु चूक स्पष्टपणे कबूल करण्यात त्यांचे अनेक दिवस गेले.

या चुकीची पुष्कळ चेष्टा झाली आणि आजही तिचा दाखला दिला जातो. तथापि १९६० च्या उदाहरणांशी तुलना केल्यास ती कमी धोक्याची होती, असेच म्हणावे लागेल. ज्या विधानाची सत्यता नकाशा आणि वर्तमानपत्र पाहून ठरविता येते, ते दुसऱ्या दिवशीच उघडे पडते. ज्याचा पुरावा दप्तरात बंद असतो, ते मात्र वर्षानुवर्षे खरे म्हणून वावरते. म्हणजे ज्या चुकीबद्दल लोक अधिक हसतात, ती अधिक घातक असतेच असे नाही.

भारतातील परिस्थिती

भारतात पंतप्रधानपदाच्या उमेदवारांमध्ये असे वादविवाद करण्याची प्रथा नाही. परराष्ट्र धोरणावरील विधानांची कसोटी येथे मुख्यतः संसदेत लागते. प्रश्नोत्तराचा तास, स्थगन प्रस्ताव आणि मंत्र्यांची निवेदने ही तिची साधने होत.

अक्साई चीनमधून जाणारा सिंकियांग-तिबेट रस्ता पूर्ण झाल्याचे चीनने १९५७ मध्ये जाहीर केले. १९५८ च्या उन्हाळ्यात भारताने पाहणीसाठी दोन तुकड्या पाठविल्या. त्यांपैकी एक चिनी सैन्याने ताब्यात घेतली. १८ ऑक्टोबर १९५८ रोजी भारताने चीनकडे लेखी निषेध नोंदविला. परंतु पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी लोकसभेस या रस्त्याविषयी सांगितले ते २८ ऑगस्ट १९५९ रोजी, म्हणजे निषेधपत्रानंतर दहा महिन्यांनी. ७ सप्टेंबर १९५९ रोजी उभय देशांमधील पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका प्रसिद्ध झाली.

पत्रव्यवहाराने प्रश्न सुटेल, तो चव्हाट्यावर आणल्यास कटुता वाढेल, असा शासनाचा विचार होता. तो सर्वस्वी अग्राह्य नव्हता. परंतु या मौनाची किंमत दुहेरी होती. वस्तुस्थिती वेळीच न कळल्याने सभागृहाला धोरणाची चर्चा करता आली नाही. आणि ती कळली तेव्हा विश्वासास तडा गेल्याने शासनास तडजोडीचे बोलणे करणेही अवघड झाले. असत्य विधान न करताही लोकमत अंधारात ठेवता येते, हे या प्रसंगावरून दिसते.

यशवंतराव चव्हाण यांचे निवेदन

१९६२ च्या पराभवानंतर महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीस बोलावून संरक्षण खाते सोपविण्यात आले. पराभवाच्या लष्करी कारणांची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाण यांनी संसदेत त्यासंबंधी निवेदन केले. प्रशिक्षण चिनी युद्धपद्धतीस अनुरूप नव्हते, साधनसामग्रीत उणिवा होत्या, शत्रूविषयीची माहिती समाधानकारकपणे गोळा झाली नाही आणि वरिष्ठ पातळीवरील संचालनात दोष होते, हे त्यांनी मान्य केले. मूळ अहवाल मात्र लोकहितास्तव प्रसिद्ध करता येणार नाही, असे सांगितले.

नव्या मंत्र्यापुढील पेच खरा होता. सैन्याची पुनर्रचना चालू असताना त्याच्या उणिवांचा सविस्तर पाढा वाचणे शत्रूच्या उपयोगी पडले असते. आणि काहीच न सांगणे म्हणजे मृत जवानांच्या कुटुंबीयांना उत्तर नाकारणे होते. चव्हाण यांनी मधला मार्ग स्वीकारला आणि काय सांगत नाही, हेही उघडपणे सांगितले. ही गोष्ट मौनापेक्षा वेगळी आहे. तरीही सारांश हा सारांशच असतो. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल यांनी अहवालाचा मोठा भाग प्रसिद्ध केला, तेव्हा पुरेशा बळाशिवाय सीमेवर चौक्या पुढे नेण्याच्या धोरणावरील त्यातील टीका लोकांना सविस्तर वाचता आली. घटनेला तोपर्यंत पन्नासाहून अधिक वर्षे लोटली होती. शासनाने तोवर अहवाल अधिकृतपणे खुला केलेला नव्हता.

पुढील काळातही हा प्रश्न राहिला. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्ध चालू असताना, अमेरिकेच्या लष्करी विमानांना मुंबईसह काही भारतीय विमानतळांवर इंधन दिले जात असल्याचे उघड झाले. त्या वेळी परराष्ट्र खाते रायपूरचे विद्याचरण शुक्ल यांच्याकडे होते. अलिप्ततेचे धोरण आणि ही सवलत यांचा मेळ कसा घालावयाचा, यावर मोठे वादळ उठले आणि फेब्रुवारीत ही सवलत बंद झाली. ज्याला कोणतीही गुप्त कागदपत्रे उपलब्ध नव्हती, त्या नागरिकाला या वेळी शब्द आणि कृती यांची तुलना करता आली. कारण कृती वेळीच प्रकाशात आली होती.

पारख कशी करावी

वरील उदाहरणांवरून सामान्य वाचकास काही व्यवहार्य नियम काढता येतील. परराष्ट्र धोरणावरील विधान ऐकताच ते खरे की खोटे, हा प्रश्न प्रथम विचारू नये. याचा पुरावा कोठे आहे आणि तो कोणास पाहता येतो, हे प्रथम विचारावे. पुरावा उघड असेल, तर फोर्ड यांच्या विधानाप्रमाणे निवाडा लवकर होतो. पुरावा बंद असेल, तर विधान करणाऱ्याच्या आवाजातील ठामपणास महत्त्व देऊ नये आणि निर्णय राखून ठेवावा. संख्या सांगितली जाते तेव्हा ती मोजलेली आहे की अंदाजलेली, हे पाहावे. क्षेपणास्त्रांची संख्या अंदाजलेली होती. वक्त्याने काय सांगितले यासोबतच त्याने काय टाळले याचीही नोंद ठेवावी. आणि शेवटी, जुने विधान विसरू नये. दप्तरे उघडतात तेव्हा ते पुन्हा काढून ताडून पाहावे.

या अखेरच्या कामी ग्रंथालयांचा उपयोग मोठा आहे. संसदेतील कामकाजाचे वृत्तांत, श्वेतपत्रिका आणि जुनी वर्तमानपत्रे तेथे मिळू शकतात. मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी लोकसभेची एक समिती १९५३ पासून कार्यरत आहे. नागरिकाने तोच पाठपुरावा आपल्या परीने करावा. आपले आजचे विधान वीस वर्षांनी कोणीतरी दप्तराशी ताडून पाहील, याची वक्त्यास खात्री असेल, तर तो बोलताना अधिक सावध राहील. पंडरीच्या बाजारातही मोजणारा पट्टी नीट धरतो, त्याचे एक कारण ग्राहक तिच्याकडे पाहत असतो हे होय.