वृद्धांचे स्वयंपाकघर

घरातील वृद्ध मातोश्रींची स्मृती मंदावली, म्हणून त्यांना स्वयंपाकघरातून उठवू नये. स्वयंपाकघरच त्यांच्या बेताचे करावे.

प्रासुक पाण्याचे पातेले उकळल्यावर जमिनीवर निवत ठेवण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. तोल जाणाऱ्या माणसास ती घातक होय. पातेले झाकून ओट्यावर भिंतीलगत ठेवावे. गॅसला मुद्दाम दिलेला वास वृद्धांना अनेकदा जाणवत नाही. रात्री रेग्युलेटर बंद करण्याचे काम घरातील एकाकडेच नेमून द्यावे.

आपल्या व्यापारातील एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. वखारीतील किडीसाठी असलेल्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही बंधू घरच्या धान्याच्या डब्यातही टाकतात. ओलावा लागताच त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. गोळी पोटात गेल्यास त्या विषावर उतारा नाही. धान्य निवडावयास बसलेल्या विसराळू मातोश्रींस ती आपल्या औषधाचीच गोळी वाटावयाची! ही वस्तू वखारीतून घरी येताच कामा नये. घरच्या गव्हास कडक ऊन, कोरडा डबा आणि वाळविलेला कडुलिंबाचा पाला पुरेसा होतो, हे धान्यात आयुष्य घालवून सांगतो.