आजीचे स्मरण आणि राखेखालचा निखारा

शास्त्रपाठ : २ तीमथ्य १:३–७

माझी आजी ब्याण्णव वर्षांचे आयुष्य पुरे करून प्रभूमध्ये निद्रिस्त झाली. जालन्याजवळच्या आमच्या खेड्यात दफनविधी आटोपून आम्ही अंगणात बसलो, तेव्हा तिची वर्षे आणि तिची पतवंडे यांचीच गणती चालली होती. दीर्घायुष्य हे देवाचे दान खरे. परंतु गणती म्हणजे स्मरण नव्हे. स्मरण कसे करावे, हे प्रेषित पौल शिकवितो.

‘आजी’ हा शब्द नव्या करारात एकदाच, या पाठाच्या पाचव्या वचनात आला आहे. मूळ ग्रीक शब्द ‘माम्मे’ लहान मुलांच्या बोलीतून आलेला आहे. हिंदी भाषांतरकारांना येथे ‘दादी’ की ‘नानी’ हे ठरवावे लागले. त्यांनी ‘नानी’ स्वीकारले. मराठीत ‘आजी’ म्हटले की पुरे. म्हणूनच भाषांतराचे काम करताना, सोपे समजून, मी हे वचन अनेकदा ओलांडून गेलो. आजी गेली आणि मी तेथे थांबलो.

१. सोंग नसलेला विश्वास

‘निष्कपट’ यासाठी जो मूळ शब्द आहे, त्याच्या मुळाशी रंगभूमीवरील नट आहे. ज्यात सोंग नाही, तो निष्कपट. आजीला अक्षरओळख नव्हती. तेविसावे स्तोत्र तिने ऐकून ऐकून पाठ केले होते. १९७२ च्या दुष्काळात दिवसभर खडी फोडून आल्यावरही ती कंदील लावून प्रार्थनेस बसे, आणि तिची मजुरी कापणाऱ्या मुकादमासाठीही प्रार्थना करी. मी ईशज्ञानाची पदवी मिळविली. पण शत्रूवर प्रीती म्हणजे काय, हे मी त्या ओसरीवर पाहिले होते.

२. वस्ती करणारा विश्वास

लोईसमध्ये विश्वास ‘राहत’ होता, असे पौल म्हणतो. हे क्रियापद घरात वस्ती करण्याचे आहे. तीमथ्याचा पिता ग्रीक होता (प्रे. कृ. १६:१). तरीही बालपणापासून त्याला पवित्र शास्त्र ठाऊक होते (२ तीम. ३:१५). मात्र विश्वास शेतजमिनीसारखा वारसाहक्काने नावावर चढत नाही. तो तीमथ्यामध्येही आहे, अशी आपली खात्री पौल वेगळी नमूद करतो.

३. स्मरणानंतरची आज्ञा

तिसऱ्या ते सहाव्या वचनांत मूळ भाषेत स्मरणाचे शब्द चार वेळा येतात. पहिले तीन पौलाच्या स्वतःच्या आठवणीचे आहेत. चौथ्याने तो तीमथ्याला आठवण करून देतो की, देवाचे कृपादान पुन्हा प्रज्वलित कर. लोईसचे स्मरण अश्रूंवर संपत नाही. ते कामाला लावते.

आजी रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवी आणि पहाटे त्याच निखाऱ्यावर फुंकर घालून विस्तव पेटवी. शहरात आल्यावर माझ्या घरातील संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना अशीच राखेखाली गेली होती; निमित्त कामाचे, तेही शास्त्राच्याच कामाचे! दफनविधीहून परतल्यावर आम्ही ती पुन्हा सुरू केली. पहिल्या दिवशी मुले संकोचली, मीही संकोचलो. पण विस्तव धरला.

प्रिय वाचकहो, आपल्या आजीच्या तसबिरीला आपण हार घालतो. तिने जपून ठेवलेल्या निखाऱ्यावर फुंकर कोण घालणार?

मननासाठी : आपल्या घरी विश्वास प्रथम कोणामध्ये वसला? तो पुढच्या पिढीपर्यंत पोहोचावा म्हणून या आठवड्यात आपण काय करणार?